दिवा विझला, तरी गाडी दाखवा

दहा-बारा वर्षे जुन्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा मधूनच लागतो, दोन-तीन दिवस राहतो आणि आपोआप जातो. तुमच्याकडे असे होत असेल, तर दोन विनंत्या आहेत. दिवा गेला म्हणून विषय सोडून देऊ नका. आणि बॅटरीची वायर काढून ‘रीसेट’ करून देतो, असे कुणी म्हणाले तर त्याला हात लावू देऊ नका.

दिवा विझतो, कारण गाडीच्या कॉम्प्युटरला तो दोष सलग काही फेऱ्यांत, सहसा तीन, पुन्हा दिसलेला नसतो. त्या दोषाचा कोड मात्र तो लगेच पुसत नाही. इंजिन साधारण चाळीस वेळा थंडचे गरम होईपर्यंत कोड आत राहतो. त्याच्यासोबत दोष पकडला त्या क्षणाची नोंदही असते, तिला स्कॅनरवर ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. त्यात आरपीएम, वेग, इंजिनचे तापमान, इंजिनवरचा भार हे सगळे मिळते. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा माग काढायला याहून मोलाचे काही नाही, आणि बहुतेक गाड्यांत बॅटरी काढली की नेमके तेच पुसले जाते.

म्हणून गॅरेजमध्ये पहिले वाक्य हे बोला : ‘आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम दाखवा, पुसू नका.’ मोबाईलवर फोटो काढून ठेवा. समजा, नोंदीत इंजिन ९० अंशांवर, दुसरा गिअर पडेल एवढा वेग आणि आरपीएम ३,००० दिसले, तर गाडी चढावर दमत होती. असा दोष नंदुरबारच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून सापडणार नाही. तळोद्याहून धडगावकडे चांदसैली घाट चढतानाच सापडेल. उलट तापमान ३० अंश असेल, तर सकाळी पहिल्या स्टार्टला काहीतरी होते. अशा वेळी थकलेली बॅटरी, गंजलेली अर्थची वायर आणि पावसाळ्यात कॉइलमध्ये शिरलेली ओल आधी तपासायची.

तुमच्या बाजूने गाडीत एक वही ठेवा. दिवा लागला तेव्हा ऊन होते की पाऊस, चढ होता का, एसी चालू होता का, नुकतेच पेट्रोल भरले होते का, एवढे लिहा. सीएनजी किट असेल तर दिवा गॅसवर लागतो की पेट्रोलवर, हे लिहायलाच हवे. फक्त गॅसवर लागत असेल, तर आधी किटचे ट्यूनिंग बघायचे.

कोड म्हणजे निकाल नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला की सेन्सर बदलायचा, ही सर्वांत महागडी सवय. ‘पी ०१७१’ हा कोड एवढेच सांगतो की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. कधी कधी एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपला चीर असते. उभ्या गाडीत ती मिटलेली राहते, जोर लागून इंजिन हलले की उघडते. अशा वेळी दिवा येतो-जातो तो यामुळे. पाइप हाताने वाकवून बघायला पैसे लागत नाहीत.

पी ०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग मारतो आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा आणि गाडी चालवा. कोड बदलून पी ०३०३ आला, तर कॉइलच खराब. तिथेच राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा वायरिंग बघा. नवी कॉइल विकत घेण्याआधी मेकॅनिकला हे करायला सांगा, लाजू नका.

गाडी मळ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायर शोधा. इंजिन चालू ठेवून स्कॅनरवर आकडे बघत एकेक कपलर हलवायचा. आकडा उडी मारेल तिथे दोष. फिरत्या बेल्ट-पंख्यापासून हात मात्र लांब ठेवा.

पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट लावा, दिवा जाईल, हा परदेशी सल्ला मोबाईलवर फिरत असतो. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत टाकीच्या वाफेची गळती तपासणारी यंत्रणा बहुतेक नसतेच. झाकण लावा, पण त्यावर विसंबू नका.

कोणता स्कॅनर चालेल, हे गाडीच्या वयावर ठरते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्यानंतरच्या गाडीला स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते आणि साधा स्कॅनर चालतो. २०१० ते २०१७ मधल्या गाडीत बहुधा चालेल. त्याआधीच्या गाडीला त्या कंपनीचाच स्कॅनर लागू शकतो.

दिवा लुकलुकत असेल, तर मात्र वही-बिही राहू द्या. सिलिंडर मिसिंग मारत असतो आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो निकामी होतो. पाय हलका करा, सुरक्षित जागी थांबा, पुढे घाट असेल तर चढू नका. तोरणमाळची सहल पुढच्या आठवड्यात होईल. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद.

दुरुस्तीनंतर कोड पुसला की त्याच दिवशी पैसे चुकते करून विसरू नका. वहीत लिहिलेल्या त्याच परिस्थितीत, त्याच चढावर, त्याच थंड सकाळी गाडी दोन-तीनदा चालवा आणि मग एकदा स्कॅनर लावून ‘पेंडिंग’ कोड आहे का ते बघा. दिवा लागण्याआधी कोड तिथे येतो.