मातृभाषेचा रकाना

सीमाप्रश्नाच्या सभेत कोणी ना कोणी जुन्या शिरगणतीचा आकडा सांगतोच. आमच्या बाजूचे सांगतात, पलीकडचेही सांगतात. तो आकडा आला कसा, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही शिक्षक मंडळी जनगणनेसाठी दारोदार फिरलो आहोत, म्हणून चार शब्द.

देशभर एकाच वेळी पहिली मोजणी झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री. (१८७२ ची सगळीकडे एकदम झाली नव्हती.) घरांवर गेरूने नंबर घालायचे, नोंदी आधी भरून ठेवायच्या आणि त्या एका रात्री पडताळायच्या. मोजणारे गावचे कुलकर्णी, शाळामास्तर. बहुतेकांना मोबदला नाही. लोकांना धास्ती नव्या कराची. घरातल्या बायकामुलींची माहिती द्यायला पुरुष कां-कूं करीत.

भाषेच्या रकान्याचा घोळ याहून मोठा. १८८१ ला विचारली मातृभाषा. १८९१ ला आईबापांच्या घरात बोलली जाणारी भाषा. १९०१, १९११ आणि १९२१ ला नेहमीच्या वापरातली भाषा. १९३१ ला पुन्हा मातृभाषा, जोडीला वापरातली दुसरी. १९४१ ला महायुद्धामुळे बहुतेक ठिकाणी भाषेचे तक्तेच निघाले नाहीत.

आता खानापूरकडचे एखादे घर घ्या. सासू मराठी, सून कानडी माहेराची, बाजारात दोन्ही भाषा. प्रश्न बदलला की त्याच सुनेचे उत्तर बदलणार! आणि ते लिहिणार कोण, तर लेखणी ज्याच्या हातात तो. निरक्षर माणसाला आपल्या नावापुढे काय लिहिले हे कळायचा मार्गच नव्हता.

म्हणून १८९१ चा आकडा १९११ च्या शेजारी मांडून ‘मराठी वाढली’ किंवा ‘घटली’ म्हणणे आम्हाला पटत नाही, मग तो आमच्या सोयीचा का असेना. समितीतल्या काहींना हे रुचणार नाही. खेडे हा घटक धरून सीमा आखावी ही मागणी आम्ही सोडलेली नाही. पण पडक्या भिंतीवर तिचे छप्पर कशाला घालायचे?

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिनांक धरला आहे. बालपणी आई आपल्याशी जी बोलली ती मातृभाषा, एवढे ध्यानात ठेवावे. प्रगणक दारात आला की ती स्वतः सांगा, त्याने काय नोंदले ते दाखवायला लावा. म्हातारीला, सुनेला वेगवेगळे विचारू द्या. सुनेची कानडी असेल तर कानडीच लिहू द्या.