नव्या माणसाला पहिल्याच दिवशी काम करता येऊ द्या

तुम्ही दोघं-तिघं मिळून एखादं मुक्त सॉफ्टवेअर चालवत असाल. मराठी शुद्धलेखन तपासणारं असेल, वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद ठेवणारं असेल, किंवा एखादा देवनागरी फाँट असेल. नोकरी सांभाळून, रात्री जागून तुम्ही ते उभं केलंत. आता काम वाढलंय आणि हात पुरत नाहीत. डेव्हलपर आणायचे कुठून, असा प्रश्न तुम्हाला पडलाय.

जाहिरात नंतर करा. माणसं आताही येत असतात, पण न बोलता परत जातात. एखादी मुलगी रविवारी दुपारी तुमचा कोड उतरवून घेते. दोन तास तो चालू करायची खटपट करते. काहीतरी अडतं आणि ती लॅपटॉप मिटून टाकते. तिने तुम्हाला काही विचारलं नाही, त्यामुळे ती येऊन गेली हेही तुम्हाला कळत नाही.

म्हणून आधी एवढं करा. ज्याने तुमचं सॉफ्टवेअर कधीच पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी शेजारी बसवा. भाचा चालेल, ऑफिसातली सहकारी चालेल. लॅपटॉप त्यांचा, रीडमी फाइल तुमची. तुम्ही मधे बोलायचं नाही. ते जिथे थांबतील तिथे तुमच्या सूचनांत काहीतरी सांगायचं राहून गेलंय. ते टिपून घ्या आणि त्याच दिवशी दुरुस्त करा. विंडोजवर नक्की करून बघा. कॉलेजच्या पुष्कळ मुलांकडे तेच असतं आणि सूचना मात्र फक्त लिनक्सपुरत्या लिहिलेल्या असतात. त्यांचं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं हेही लक्षात ठेवा. नुसती सुरुवात करायला दोन-तीन जीबी उतरवायला लावू नका.

लायसन्सची फाइल आहे ना, तेही बघा. कोड गिटहबवर टाकला की तो मुक्त झाला, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. लायसन्स नसेल तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. दुसऱ्याला तो बदलून वाटायची परवानगी मिळत नाही आणि कंपनीत मुरलेला माणूस अशा कोडला हात लावत नाही. एमआयटी, अपाची, जीपीएल यांतला एक परवाना विचार करून निवडा. फाँट असेल तर एसआयएल ओपन फाँट लायसन्स घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या गटाचा ‘मुक्ता’ फाँट याच परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे.

आता छोटी कामं बाजूला काढा. या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण नवा माणूस टिकतो तो इथेच.

‘मदत हवी आहे’ एवढंच लिहिलंत तर कुणी पुढे येणार नाही. नेमकं काय करायचं ते सांगा. उदाहरण देतो. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. अनेक फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. पण पानाची भाषा मराठी आहे अशी खूण कोडमध्ये नसेल, तर मराठी वळण उमटत नाही. आपल्या आजीला वाचताना जे खटकतं, ते एका ओळीत दुरुस्त होऊ शकतं. असं काम नव्या माणसासाठी लिहून ठेवा. कुठली फाइल उघडायची, काय बदलायचं, बदल बरोबर झाला हे कशावरून ओळखायचं, या तीन गोष्टी त्यात येऊ द्या.

असं काम तुम्ही स्वतः पंधरा मिनिटांत कराल. करू नका. ते तसंच राहू द्या. नव्या माणसाला त्यासाठी कदाचित चार दिवस लागतील, पण आपण केलेला बदल खऱ्या लोकांच्या पडद्यावर दिसला की तो पुढचं काम स्वतःहून मागेल.

कुणी काही पाठवलं तर दोन दिवसांच्या आत उत्तर द्या. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आपल्या स्वयंसेवकांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांचं पहिलं काम ४८ तासांत तपासून मिळालं, त्यांतले बरेच जण पुन्हा आले. ज्यांना सात दिवसांहून जास्त थांबावं लागलं, ते जवळजवळ कुणीच परतले नाहीत. पूर्ण तपासायला वेळ नसेल तर तसं सांगा. ‘मिळालं, शनिवारी बघतो’ एवढंही पुरतं. मग शनिवारी खरंच बघा.

चूक दाखवताना ती का चूक आहे हेही सांगा. काम स्वीकारता येणार नसेल तर स्पष्ट आणि प्रेमाने सांगा, लोंबकळत ठेवू नका. ज्याने काम केलं त्याचं नाव नव्या आवृत्तीच्या नोंदीत घाला. नोकरी शोधणाऱ्या मुलीला ती ओळ मुलाखतीत दाखवता येते.

मराठीतून प्रश्न विचारलेले चालतील, असं रीडमीत ठळक लिहा. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी हुशार मुलं केवळ इंग्रजीच्या संकोचाने गप्प बसतात. त्यांना चारचौघांत विचारायची हिंमत तुम्हीच द्यायला हवी. निर्णयांची नोंद मात्र इंग्रजीतही ठेवा, म्हणजे बाहेरचा माणूस अडणार नाही.

कोड न लिहिणाऱ्यांनाही बोलवा. शाळेतल्या बाई, मुद्रितशोधक, ग्रंथपाल यांना सॉफ्टवेअरमधल्या ज्या चुका दिसतात, त्या आपल्याला दिसत नाहीत.

विद्यार्थ्यांवर भिस्त असेल तर त्यांचं वर्ष समजून घ्या. सबमिशन आणि ओरल सुरू झाल्या की ते गायब होतात. रागावू नका. परीक्षा संपल्यावर एक निरोप धाडा.

बक्षिसांच्या मागे मात्र लागू नका. हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम २०१४ पासून चालतो. मुक्त प्रकल्पांना ठरावीक संख्येने बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये त्या टी-शर्टसाठी इतके निरर्थक बदल येऊन पडले, की ज्या प्रकल्पांची स्वतःची तयारी असेल तेवढेच त्यात धरायचे, असं आयोजकांना ठरवावं लागलं. गूगल समर ऑफ कोड हा नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला लावणारा उपक्रम चांगला आहे. २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही त्यात जागा आहे. पण तिथे मार्गदर्शक तुम्हालाच द्यावा लागतो. कित्येक आठवडे नियमित वेळ देईल असा माणूस तुमच्याकडे नसेल, तर यंदा अर्ज करू नका.

माणसं टिकू लागली की अधिकार वाटायला लागा. थकून जाईपर्यंत थांबू नका. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स संगणकांवर असतं. वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस ते विनामोबदला सांभाळत होता. आपली मनाची तब्येत बरी नसते, हे त्याने उघडपणे लिहिलंही होतं. २०२१ पासून ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी मदत करू लागलं. दुसऱ्या काही खात्यांवरून ‘काम नव्या माणसाकडे द्या’ असा तगादा सुरू झाला. हळूहळू त्या मदतनिसाला अधिकार मिळाले आणि २०२४ च्या सुरुवातीला निघालेल्या आवृत्त्यांत त्याने चोरवाट घातली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं, म्हणून मार्चअखेरीस ती उघडकीस आली.

पण म्हणून प्रत्येक नव्या माणसावर संशय घेऊ नका. फक्त एकाच दमलेल्या माणसावर सगळा भार टाकू नका. आधी प्रश्नांची उत्तरं द्यायचं काम सोपवा, मग इतरांचे बदल तपासायचं, आणि पुरती ओळख झाल्यावर आवृत्ती काढायचं. कुणाचाही बदल, तुमचासुद्धा, दुसऱ्याने वाचल्याशिवाय आत जाऊ देऊ नका.

आणि या आठवड्यात एक कागद करा. खाती कुणाच्या नावावर आहेत, सर्व्हर कुठे आहे, डोमेनचे पैसे कुणाच्या कार्डावरून जातात आणि मुदत कधी संपते, हे त्यावर लिहा. तो कागद तुमच्याशिवाय आणखी दोघांकडे असू द्या.