दारात तिकीटखिडकी नको



दिवाळी अंकाची परंपरा वाचकांनी अंक विकत घेऊन जगवली आहे. पुस्तकाला, चित्राला, जतनाला पैसा लागतो, हे आम्ही रोज अनुभवतो. तरीही यंदा एक भूमिका ठामपणे मांडायची आहे. सरकारी संग्रहालयं आणि सार्वजनिक ग्रंथालयं यांचा खर्च सगळ्या समाजानं करातून उचलावा. दारात आलेल्या माणसापुढे पावतीपुस्तक धरू नये.

हा विचार आपल्याला परका नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या बडोदे संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. शिकलेला माणूस वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरतो, हे ओळखून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी तज्ज्ञाकरवी मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या.

संग्रहालयांचं उदाहरण ब्रिटनमध्ये सापडतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९९६ पासून पाच पौंडांचं तिकीट होतं. डिसेंबर २००१ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयांतली कायमची दालनं सर्वांना मोफत झाली. तिकीट उठलेल्या संग्रहालयांतली वर्दळ पुढच्या दहा वर्षांत दुपटीहून वाढली. खास प्रदर्शनांना तिकीट राहिलं आणि मोफत संग्रहालयांना मूल्यवर्धित कराचा परतावा मिळेल, अशी सोय सरकारनं केली. मात्र वाढलेल्या गर्दीत सुशिक्षित, सुखवस्तू मंडळीच अधिक होती. म्हणजे तिकीट उठवणं ही केवळ सुरुवात झाली. कामगाराला जमेल अशी संध्याकाळची वेळ, समजेल अशा भाषेतले फलक आणि शाळांना आग्रहाचं बोलावणं, हेही हवंच.

आता आपल्या तालुक्याच्या वाचनालयात डोकावू. मुक्तद्वार विभागात रिक्षाचालक, पेन्शनर आणि स्पर्धा परीक्षेची मुलं एकाच बाकावर वर्तमानपत्र वाचतात. समोरच्या काचेच्या कपाटातली कादंबरी घरी न्यायची, तर मात्र अनामत आणि वर्गणी भरावी लागते. यात त्या वाचनालयाचा दोष नाही. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं अनुदान दिलं, पण मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात होता तसा ग्रंथालय उपकर ठेवला नाही. अनुदान तुटपुंजं, कर्मचाऱ्यांचं मानधन त्याहून तुटपुंजं. मग वर्गणीवाचून गाडा चालणार कसा?

‘फुकटाची किंमत राहत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी त्या बाकावरची शांतता पाहावी.

आमची मागणी साधी आहे. घरपट्टीसोबत अल्पसा ग्रंथालय उपकर घ्यावा, त्याची पै न् पै ग्रंथालयांवरच खर्च व्हावी आणि सरकारी संग्रहालयांची कायमची दालनं सर्वांना खुली करावीत. हा उपकर आम्ही आनंदानं भरू. वाचकहो, पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला याबद्दल जरूर विचारा.

शुभ दीपावली!