तिला तपस्विनी म्हणू नका



यंदाच्या दशलक्षणात ‘उत्तम तप’च्या दिवशी सैनिकांच्या बायकांचा सत्कार करायचा, असा प्रस्ताव आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आला आहे. शाल, श्रीफळ आणि ‘तपस्विनी’ असं छापलेलं सन्मानपत्र. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आहे. माझा या सत्काराला विरोध आहे. ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या तर ‘एवढं मनाला काय लावून घेताय ताई?’ असं उत्तर आलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तप म्हणजे काय हे आपल्याला पाठशाळेपासून शिकवलेलं आहे. आपल्या इच्छेला आपण होऊन आवर घालायचा. उपवास मी धरते, पारणं कधी ते मला माहीत असतं, आणि झेपलं नाही तर महाराजांना विचारून मी थांबू शकते. नवऱ्याला परदेशी मोहिमेवर पाठवायचं की नाही हे बायकोला कुणी विचारत नाही. परतीची तारीख तिच्या हातात नसते, त्याच्याही हातात नसते. अशा वर्षाला तप म्हटलं की आपल्याला फार सोयीचं होतं. तपस्व्याला काही लागत नाही ना! त्याला नमोस्तु म्हणायचं आणि आपल्या घरी जायचं.

माझी धाकटी बहीण खारघरला राहते. आमचे मेहुणे पायदळात आहेत. २०२४ साली ते लेबनॉनमध्ये होते, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत. ही सेना १९७८ पासून तिथे आहे आणि आपली बटालियन १९९८ पासून तिच्यात आहे. लेबनॉन आणि इस्रायल यांच्यामधल्या सुमारे १२० किलोमीटरच्या ‘निळ्या रेषे’वर पहारा द्यायचा, कोण कुठे रेषा ओलांडतं ते पाहायचं, नोंदवायचं. त्या वेळी आपले सुमारे नऊशे जवान तिथे होते. बटालियनबरोबर बायकामुलं नेता येत नाहीत. तेव्हा बहीण, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि भाड्याचा फ्लॅट, असं ते वर्ष.

१७ सप्टेंबर २०२४. अनंत चतुर्दशी. बाहेर विसर्जनाचे ढोल, मंदिरात आपली गर्दी. बहिणीचा उपवास होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास लेबनॉनभर पेजर फुटायला लागले, आणि आरती संपेपर्यंत ती बातमी मंदिराच्या आवारात पोचली होती. मला आजही राग येतो तो पुढच्या अर्ध्या तासाचा. पाच-सहा जणींनी आपापले फोन तिच्या तोंडासमोर धरले. ‘अगं, हे तुमच्याकडलंच ना?’ ‘त्यांच्याकडे पेजर असतो का गं?’ मुलगा शेजारी उभा. त्याने व्हिडिओ पाहिला. एकीनेही असं म्हटलं नाही की चल, मुलांना मी घेते, तू शांत बसून फोन लाव.

दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी फुटले. २३ तारखेला दक्षिण लेबनॉनवर मोठे हवाई हल्ले झाले, १ ऑक्टोबरला इस्रायलचं सैन्य सीमेच्या आत शिरलं. १० ऑक्टोबरला नाकुरा इथल्या शांतिसेनेच्या मुख्यालयातल्या टेहळणी मनोऱ्यावर रणगाड्याचा गोळा आला आणि इंडोनेशियाचे दोन जवान जखमी झाले. जागा सोडा असं इस्रायलने सांगितलं होतं, शांतिसेना जागेवर राहिली. युद्धबंदी झाली २७ नोव्हेंबरला. म्हणजे चतुर्दशीपासून दहा आठवडे. त्यात आपली दिवाळी, महावीर निर्वाणाचा लाडू, मुलांच्या सहामाही परीक्षा, सगळं आलं. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले की तिकडे संध्याकाळ असते. त्या वेळेला फोन यायचा, नाहीतर यायचा नाही.

त्या दहा आठवड्यांत तिला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न कोणता? ‘तिथे ते खातात काय?’ कांदा-बटाट्याचं काय, रात्री जेवतात का, भांडी वेगळी असतात का. मेहुणे शाकाहारी आहेत, वरण-भात-पोळी मिळते, आपल्या बटालियनबरोबर आपले आचारी जातात. हे तिने पन्नास वेळा सांगितलं असेल. ती स्वतः काय खाते, हे विचारलेलं मी ऐकलं नाही. सूर्यास्ताआधी दोन मुलांना जेवू घालून, गृहपाठ घेऊन ती बाई बहुतेक दिवस दूध पिऊन झोपत होती.

दुसरा प्रश्न जरा खालच्या आवाजात. ‘युएनमध्ये पैसे छान मिळतात म्हणे.’ बायांनो, संयुक्त राष्ट्रं दर सैनिकामागे ठरावीक रक्कम देतात ती सरकारला. सैनिकाचा पगार आणि भत्ता आपलं सरकार ठरवतं. भत्ता मिळतो, हो. दुबईला गेलेल्या इंजिनिअरलाही मिळतो, त्याच्या बायकोला आपण असं विचारत नाही. उलट तिने सोन्याचं काही केलं तर बघायला जातो.

आणि तिसरा प्रश्न, जो खरा आहे, कारण बाकीचं सगळं त्यातून येतं. ‘आपल्यातल्याने सैन्यात जायचंच कशाला?’ सत्काराच्या प्रस्तावाखालीही एका काकूंनी हे लिहिलं आहे. अनेक जणी मनात तेच म्हणतात आणि त्या घराला हळूच आपल्या घरांच्या यादीबाहेर ठेवतात.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वर कुणी उभे केले? चामुंडरायांनी, दहाव्या शतकाच्या अखेरीस. ते गंग राजांचे सेनापती होते. लढाया करून आलेला माणूस. त्यांचं नाव मराठीत कोरलेला लेख बाहुबलींच्या पायाशी आहे आणि आपण सांगली-कोल्हापूरकडची माणसं तो मोठ्या अभिमानाने दाखवतो. २०१८च्या महामस्तकाभिषेकाला बस भरभरून गेलो. तिथे चालणारा सेनापती खारघरच्या फ्लॅटमध्ये का चालत नाही? अबूचं विमलवसही मंदिर बांधणारे विमलशाहही दंडनायकच होते.

शास्त्र म्हणाल तर गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून, मारण्यासाठीच मारणं ही संकल्पी. श्रावकाला ती पूर्ण वर्ज्य. स्वतःचं, दुसऱ्याचं, देशाचं रक्षण करताना जी घडते ती विरोधी. ती पुण्य आहे असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. पण श्रावकाला ती सर्वस्वी टाळता येत नाही हे आचार्यांना माहीत होतं. श्वेतांबर आगमांपैकी भगवतीसूत्रात वैशालीच्या वरुण नावाच्या श्रावकाची गोष्ट आहे. राजाज्ञेने त्याला युद्धावर जावं लागलं. जाताना त्याने नियम घेतला: जो माझ्यावर आधी वार करील, त्याच्यावरच मी वार करीन. प्रतिस्पर्ध्याचा बाण त्याने आधी झेलला, आणि जखमी होऊन शेवटी समाधी साधली. आता शांतिसेनेचा नियम पाहा. आत्मरक्षण आणि नेमून दिलेल्या कामाचं रक्षण, याखेरीज बळ वापरायचं नाही. वरुणाच्या नियमाच्या इतकं जवळचं काम आजच्या जगात दुसऱ्या कोणत्या सैनिकाला मिळतं?

आणखी एक गोष्ट सांगते, जीवदयेच्या पेट्या फिरवणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी. लेबनॉनच्या आपल्या बटालियनबरोबर पशुवैद्य असतात. इब्ल-अस-साकीच्या आसपासच्या गावांतल्या शेळ्या, गायी, मेंढ्यांवर ते उपचार करतात. तिथल्या शेतकऱ्यांना आपली बटालियन माहीत आहे ती बरीचशी या जनावरांच्या डॉक्टरांमुळे.

ही माणसं सुखरूप येतातच असंही नाही. ९ एप्रिल २०१३ला दक्षिण सुदानच्या जोंगलेई प्रांतात ताफ्यावर हल्ला झाला, त्यात आपले पाच जवान गेले. २०२२च्या जुलैमध्ये काँगोत बुटेंबो इथे सीमा सुरक्षा दलाचे दोघे गेले. आजवर या निळ्या टोपीखाली गेलेले भारतीय पावणेदोनशेच्या आसपास आहेत. आणि परदेशी रणांगणावरचा आपला माणूस ही या भागाला नवी गोष्ट नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. आपल्याच रायगड जिल्ह्याचे, पाचव्या मराठा पलटणीचे नाईक. १० जुलै १९४४ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन वर्षांपूर्वी कोकणात जाताना आम्ही तिथे थांबलो होतो. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नीचे दिवस कसे गेले, ते सांगणारा दगड मला तिथे दिसला नाही.

आता घरातलं सांगते, कारण सत्कार करणाऱ्यांना हे माहीतच नसतं. बँकेचा ओटीपी जातो मेहुण्यांच्या इकडच्या नंबरवर. तो फोन लेबनॉनमध्ये बंद. घराचा भाडेकरार त्यांच्या नावावर, नूतनीकरणाला सही त्यांचीच हवी. मुखत्यारपत्र करून गेले होते, तरी प्रत्येक खिडकीवर ते वाचून दाखवावं लागतं. कुलाब्याचं अश्विनी रुग्णालय चांगलंच आहे, पण खारघरहून तापलेलं पोर घेऊन हार्बर लोकलने शेवटच्या स्टेशनापर्यंत आणि पुढे गाडीने, म्हणजे पुरता दिवस गेला. ऑक्टोबरात एका रात्री मुलाच्या पोटात दुखायला लागलं. जवळच्या रुग्णालयात काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवून विचारलं, ‘मिस्टर कुठायत? त्यांची सही लागेल.’ आईची सही पुरते, हे त्याला एक वाजता समजावून सांगायला बहिणीला पंधरा मिनिटं लागली. तेवढा वेळ चार वर्षांची झोपलेली पोर तिच्या खांद्यावर. आम्ही नेरुळहून पोचलो तोवर अपेंडिक्स ठरलं होतं. सकाळी मंडळाच्या ग्रुपवर कळवलं. ‘काळजी घे’, ‘णमोकार म्हण’, ‘तुझ्या धैर्याला वंदन’. त्याच इमारतीत आपली तीन घरं आहेत.

‘सैन्य त्यांची काळजी घेतं की’, असं म्हणाल. घेतं, छावणीत असलात तर. देवळालीला किंवा पुण्याला युनिटच्या बायका दार ठोठावून येतात. ‘आवा’ ही सैनिकपत्नींची संस्था १९६६ पासून आहे. पण खारघरला छावणी नाही. बहीण इथे राहिली ती मुलाची शाळा मध्येच बदलायला नको आणि मी जवळ आहे म्हणून. अशी घरं नव्या मुंबईत विखुरलेली आहेत, वरून दिसत नाहीत. ‘मर्चंट नेव्हीवाल्यांच्या बायका नाही का राहत?’ राहतात. नेरुळ-सीवूड्सला तर कितीतरी. त्यांनाही कुणी विचारत नाही, आणि तांबड्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रं पडत होती तेव्हाही विचारलं नव्हतं. एका घराकडे दुर्लक्ष केलं म्हणून दुसऱ्याकडे करायचं, हा काही युक्तिवाद झाला नाही.

आपल्याला जमत नाही असंही नाही. महाराजांचा विहार वाशीवरून पुढे निघाला की चौका कुणाचा, दूध कुणाचं, पाणी गाळायला कोण, सोबत चालायला कोण, सगळ्याची वही असते. पहाटे चारला उठून बायका जातात. त्याला आपण वैयावृत्त्य म्हणतो, आणि अंतरंग तपांत ते मोजलेलं आहे. ‘वैयावृत्त्य साधूंचं करतात, गृहस्थांचं नव्हे’, असं मला सांगितलं गेलं. मग ज्या संघाचं वैयावृत्त्य सांगितलं आहे तो कोणता? मुनी, आर्यिका, श्रावक आणि श्राविका. चौथी कोण, ते नीट पाहा. तप कुणाचं मोजायचंच असेल तर ते मदतीला जाणारीचं मोजा, थांबलेलीचं नको.

तेव्हा शाल-श्रीफळाचे पैसे वाचवा. तशीच एक वही या घरांसाठी काढा. कोणत्या सेक्टरला कोण राहते, रात्री फोन केला तर गाडी घेऊन कोण येईल, पाठशाळेतून मुलांना कोण आणील. बातमी आली तर तिला पाठवू नका. ती तुमच्याआधी तिने पाहिलेली असते. मुलांसमोर ‘बाबा कधी येणार?’ विचारू नका. तिने नवीन ड्रेस घातला, मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली, तर नजरेने मोजमाप घेऊ नका.

मेहुणे आले, बरे आहेत. पण जूनपासून आपल्या मंदिरात येणाऱ्या आणखी एका घरातले यजमान दक्षिण सुदानला, नाईलकाठी मलकालला आहेत. बायको सातव्या महिन्यात आहे. सासूबाई दिवाळीनंतर येऊ शकतील, त्याआधी नाही. मी तिला विचारून हे लिहिते आहे. दवाखान्याची तारीख असते तेव्हा सोबत, आणि दुपारी मोठ्याला शाळेतून आणायला कुणीतरी, एवढंच तिने सांगितलं. सोमवार आणि गुरुवार मी घेतले आहेत, बुधवार बहिणीने. मंगळवार आणि शुक्रवार रिकामे आहेत. शाळा बेलापूरला आहे, सुटते पावणेएकला.