तपासणी वादकाची, दुरुस्ती कारागिराची

ऐन गणेशोत्सवात किंवा लग्नसराईत ऑर्केस्ट्राचा बेस अ‍ॅम्प बंद पडला की हमखास दोन सल्ले मिळतात. कुणी म्हणतो, स्क्रू काढ आणि आत बघ. कुणी म्हणतो, हात न लावता सर्व्हिसला टाक. पहिल्या सल्ल्यात जिवाला धोका आहे, दुसऱ्यात पैसा आणि हंगाम वाया जातो. माझे मत असे की पेटीबाहेरची सगळी तपासणी वादकाला स्वतः करता आलीच पाहिजे, आणि पेटीच्या आत मात्र जाणत्या कारागिराचाच हात जावा.

बाहेरून कळण्यासारखे बरेच असते. बेस, केबल, अ‍ॅक्टिव्ह बेसमधली ९ व्होल्टची बॅटरी आणि स्पीकरची वायर एकेक करून बदलून पाहिली की दोष अ‍ॅम्पमध्येच आहे का, ते ठरते. आवाज मध्येच जातो आणि येतो, असा बिघाड इफेक्ट्स लूपच्या ‘रिटर्न’ जॅकमध्ये असू शकतो. तिथे केबल लावलेली नसताना अनेक अ‍ॅम्पमध्ये आवाज या जॅकमधल्या धातूच्या पातळ पट्टीतून पुढे जातो. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत ती पट्टी काळवंडते आणि टेकेनाशी होते. ‘सेंड’मधून ‘रिटर्न’मध्ये छोटी केबल जोडल्यावर आवाज स्थिर झाला, तर दोष सापडला आणि त्या रात्रीचा कार्यक्रमही पार पडतो.

पेटी उघडली की गोष्ट बदलते. आजच्या हलक्या क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये घरातली २३० व्होल्टची वीज डीसी होऊन सुमारे ३२५ व्होल्टवर जाते. १९६९ साली आलेल्या अँपेग एसव्हीटीसारख्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये तर ७०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरू शकतो. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणे त्याहून वाईट. मूळ दोष तसाच राहतो आणि जळायची पाळी ट्रान्सफॉर्मरवर येते.

यावर म्हटले जाते की सर्व्हिसला वेळ आणि पैसा फार लागतो. पण कारागिराचा बराच वेळ दोष शोधण्यातच जातो. ‘आवाज येत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी ‘रिटर्नमध्ये थेट सिग्नल दिला की आवाज येतो’ असे सांगितले, तर पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर ठीक असून दोष प्रीअ‍ॅम्पच्या बाजूला आहे, हे त्याला लगेच उमगते. दुसरा आक्षेप असा की कारागीरही कधीतरी स्वतःच शिकला असेल ना? शिकावेच, पण सुरुवात केबलला डाग देण्यापासून आणि ९ व्होल्टच्या पेडलपासून करावी. तिथे चूक झाली तर फार तर पेडल जाईल.

तिसरी तक्रार मात्र रास्त आहे: पुष्कळदा कारागिरालाच सर्किटचा नकाशा आणि सुटे भाग मिळत नाहीत, मग अख्खा बोर्ड बदलावा लागतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्याचा भर मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने आणि शेती अवजारांवर आहे. अ‍ॅम्प बनवणाऱ्यांनाही तेच तत्त्व लागू व्हावे, असा आग्रह वादकांनी धरला पाहिजे. गल्लीतल्या जाणत्या कारागिराच्या हाती नकाशा आला, तर स्वतः पेटी उघडण्याची वेळ कुणावर येणार नाही.