सगळ्यांना सगळं दिसायला हवं का?

तुम्ही नोव्हायमध्ये राहत असाल, तर एखाद्या उन्हाळ्यात कुठेतरी काम कराल. ट्वेल्व्ह ओक्स मॉलमधलं दुकान, दातांचा दवाखाना, नाहीतर गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस. पहिल्या दिवशी पासवर्ड मिळेल. कॉम्प्युटरवर काही गोष्टी दिसतील, काही दिसणार नाहीत. 'यांचा माझ्यावर विश्वास नाही की काय?' असं तुम्हाला वाटेल. मला मात्र ते न दिसणंच बरं वाटतं. का, ते सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी मी इथल्याच एका कंपनीत लागले. माझं काम होतं लोकांच्या रजेचे दिवस मोजायचं. पण कर्मचाऱ्यांची यादी उघडली, की नाव, पत्ता, जन्मतारीख, पगार, सगळंच समोर यायचं. एकदा मी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा पगार पाहिला. चुकून नाही हं, मुद्दाम पाहिला. तो माझ्यापेक्षा बराच जास्त होता. आम्ही रोज दुपारी एकत्र डबा खायचो. त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. तिला विचारणार तरी कसं? पाहिलं, हेच सांगता येत नव्हतं. हळूहळू आमचं बोलणं तुटलं. चूक माझीच होती, तिची काहीच नव्हती. पण पगाराचा रकाना माझ्यासमोर उघडा ठेवलाच कशाला?

तो बंद करणं अवघड नसतं. डेटाबेसमधला तक्ता एकच असतो, पण प्रत्येकाला त्यातला कामापुरता भाग दाखवता येतो. रजा मोजणारीला नाव आणि दिवस दिसले की पुरे. दवाखान्यांसाठी तर अमेरिकेत नियमच आहे. १९९६ च्या हिपा कायद्याखालचे नियम सांगतात, की उपचार सोडून इतर बहुतेक कामांसाठी लागेल तेवढीच माहिती वापरा.

तुम्ही म्हणाल, माणसं चांगली निवडली की झालं! मग मिशिगनमधलीच गोष्ट ऐका. इथल्या पोलिसांकडे 'लीन' नावाची यंत्रणा आहे. तिच्यात गाडीच्या नंबरावरून मालकाचं नाव आणि पत्ता मिळतो. २००१ मध्ये 'डेट्रॉइट फ्री प्रेस' या वर्तमानपत्राने छापलं, की आधीच्या ५ वर्षांत ९० हून जास्त लोकांनी तिचा गैरवापर केला होता. त्यात पोलीसही होते. कुणी बायकांचा माग काढला, कुणी मित्रांसाठी माहिती काढली. आता पोलिसांना ही माहिती लागतेच, ती त्यांच्यापासून लपवून कसं चालेल? अशा ठिकाणी कुणी, कधी, काय पाहिलं याची नोंद हवी. आणि ती नोंद वाचणारं कुणीतरी हवं! नुसती साठवून काय उपयोग?

कुलपं फार झाली तरी पंचाईत होते, हे मला मान्य आहे. परवानगी मिळायला आठवडा लागला, की लोक सरळ दुसऱ्याचा पासवर्ड वापरतात. मग नोंदीत नाव एकाचं आणि बोटं दुसऱ्याची. म्हणून खरी गरज असेल, तर परवानगी त्याच दिवशी मिळाली पाहिजे.

तुमच्या पहिल्या दिवशी स्क्रीनवर नको तेवढं दिसलं, तर मॅनेजरला सांगा. मी सांगितलं नव्हतं. मी ती नोकरी सोडली, तेव्हाही तो रकाना उघडाच होता.