कोह-ए-काफ मराठीत हवा

पेण-रोह्याच्या मुलांना सिनेमांमुळे टोकदार कानांचे एल्फ ठाऊक आहेत, त्यांचं रिव्हेंडेलही. कोह-ए-काफ विचारा, गप्प. दास्तान-ए-अमीर हमजात तर पऱ्यांचा अख्खा मुलूख आहे: बादशहा, दरबार, गुलिस्तान-ए-इरम, दैत्यांशी लढाया. १८ दिवसांसाठी गेलेला हमजा तिथं १८ वर्षं अडकतो, आसमान परीशी निकाह करतो, त्यांना कुरैशा नावाची मुलगी होते. म्हणजे ही सासुरवाडीच!

काही बुजुर्ग म्हणतात, "सर, ही खुराफात कशाला?" अहो, दास्तान अकीदा म्हणून कोण ऐकतं? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १९व्या शतकातच अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या. त्यानं कुणाचा धर्म बुडाला नाही. आपली मुलं मराठी शाळेत जातात, उर्दू लिपी सुटते, आणि नानीच्या गोष्टीही सुटतात. मग शाळेच्या कपाटात सोप्या मराठीतला हमजा ठेवायला हरकत कोणाची?